अपार्टमेंट सोडून कायमचं आरव्हीत: सवय व्हायला काय काय लागतं?

उंबरठा_चाकांवर

नमस्कार मंडळी. "आरव्हीत राहता म्हणजे नक्की कुठे राहता?" असे व्यनि (व्यक्तिगत निरोप) इतके आले की शेवटी धागाच काढते. आरव्ही म्हणजे झोपायची, स्वयंपाकाची, संडासची सोय असलेलं चाकांवरचं घर. एकदाच लिहीन, मग प्रत्येकाला दुवा देईन.

पार्श्वभूमी थोडक्यात. शिकागोच्या उपनगरात बरीच वर्षं दोन बेडरूमचं अपार्टमेंट. लेक कॉलेजला गेली, आम्हा दोघांच्याही नोकऱ्या घरून, लीज संपत आलेलं. तीस फुटी ट्रॅव्हल ट्रेलर घेतला आणि तो ओढायला पिकअप ट्रक. हिवाळ्यात ॲरिझोना नाहीतर टेक्सस, उन्हाळ्यात कोलोरॅडो नाहीतर साउथ डकोटा. सध्या ॲरिझोनात टूसॉनजवळच्या एका पार्कात (आरव्ही उभ्या करायच्या जागेत) महिन्याच्या भाड्यावर आहोत.

सगळ्यांना वाटतं जागेची अडचण होत असेल. दादरला दोन खोल्यांत सात माणसांत वाढलेल्या बाईला जागेचं काय सांगता? जागा पुरते. बदलतं ते वेगळंच. अपार्टमेंटमध्ये भाडं भरलं की पाणी कुठून येतं, सांडपाणी कुठे जातं, वीज किती आहे, छप्पर गळतंय का, याचा विचारही करावा लागत नाही. इथे हे सगळं तुमच्या गळ्यात, आणि तेही रोज. ज्याला याचा कंटाळा नाही त्याने आरव्हीत यावं. ज्याला निसर्गाची ओढ आहे पण याचा कंटाळा आहे त्याने केबिन भाड्याने घ्यावी, हे माझं स्पष्ट मत.

टाक्यांपासून सुरुवात करते, कारण व्यनिंत सगळे तेच आडून आडून विचारतात. तीन टाक्या असतात. स्वच्छ पाण्याची, ग्रे म्हणजे सिंक आणि शॉवरच्या सांडपाण्याची, आणि ब्लॅक म्हणजे संडासची. आमच्याकडे स्वच्छ पाण्याची ५० गॅलनची, म्हणजे १९० लिटरच्या आसपास. पार्कात पूर्ण हुकअप असला तर नळ, वीज, गटार सगळं साइटवरच, म्हणजे गाडी उभी असते तिथेच, जोडलेलं असतं. तरी ब्लॅक टाकीचा व्हॉल्व्ह कधीही उघडा ठेवायचा नाही. ठेवला तर पाणी वाहून जातं आणि बाकीचं खाली बसून घट्ट होतं. मग पुढे जे होतं ते जेवणाच्या वेळी वाचू नये असं आहे. टाकी दोन तृतीयांश भरू द्यायची, मग आधी ब्लॅक सोडायची आणि पाठोपाठ ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी धुऊन निघते. ब्लॅक रिकामी झाली की तिच्या तळाशी थोडं पाणी सोडून ठेवायचं.

इथे आपली सवय कामाला येते. अमेरिकन मंडळी संडासच्या कागदावरून डोकं पिकवत असतात, कुठला विरघळतो, कुठला नाही. काचेच्या बरणीत पाण्यात घालून हलवून बघतात. आमच्याकडे कमोडच्या बाजूला छोटा हँडशॉवर बसवलाय. टाकीत भरपूर पाणी जातं, काही चिकटत नाही, टाकी किती भरली ते सांगणारे सेन्सर खरं बोलतात. टाकी लवकर भरते एवढाच तोटा. शेजारचे निवृत्त आजोबा (ओहायोचे) हे ऐकून आधी लाजले, आणि पुढच्या आठवड्यात "तो शॉवर कुठून घेतला?" म्हणून दारात हजर.

दुसरं, वीज. आमची जोडणी ३० अँपिअरची. १२० व्होल्टला ३६०० वॅट झाले. एसी साधारण १५००, गीझर विजेवर टाकला तर तोही १४०० च्या वर, इन्स्टंट पॉट (विजेचा कुकर) १०००, मायक्रोवेव्ह तेवढाच किंवा जास्त. यातले कुठलेही तीन एकत्र लागले की बेरीज काठावर जाते आणि चौथ्याला अंधार. त्यामुळे घरात दिवसभर आरोळ्या चालू असतात: "कुकर लावतेय, गीझर बंद कर!" ५० अँपिअरच्या मोठ्या गाड्यांना हा जाच नाही. त्यात १२० व्होल्टच्या दोन वेगळ्या तारा येतात, म्हणून ३० च्या तिपटीहूनही जास्त, १२,००० वॅटपर्यंत मिळतं.

आणि दोघांचं म्हणाल तर एक बेडरूममध्ये दार लावून काम करतो, दुसरी जेवणाच्या टेबलावर. दोघांच्या मीटिंग एकाच वेळी आल्या की एक जण ट्रकमध्ये जाऊन बसतो. भांडण झालं तर रुसून बसायला दुसरी खोली नाही हे खरं, पण दार उघडलं की समोर सगळं वाळवंट आहे, तिथे कितीही वेळ रुसता येतं.

विचारा काय विचारायचं ते.

---

पोळपाट_एडिसनचं

ताई, फार छान लिहिलंय. वाचनखूण साठवली. माझा प्रश्न स्वयंपाकाचा. आम्ही रोज पोळी-भाजी-वरण-भात खाणारी माणसं. एवढ्याशा डब्यात फोडणी दिली तर वास जातो का? पडदे, गाद्या, सगळ्याला हिंग लागत असेल ना?

---

उंबरठा_चाकांवर

@पोळपाट, लागतो. फोडणी दिली की पहिल्यांदा स्मोक अलार्म बोंबलतो, मग वास तीन दिवस उशीत मुक्कामाला राहतो. म्हणून फोडणी, मासे, तळण सगळं बाहेर. बाहेरच्या टेबलावर एक बर्नर आहे, छोट्या लोखंडी कढल्यात फोडणी करायची आणि आत आणून वरणावर ओतायची. आत करायचंच झालं तर आधी छतातला पंखा बाहेर फेकायच्या दिशेने लावायचा आणि लांबची एक खिडकी किंचित उघडायची. जवळची उघडलीत तर हवा तिथूनच येऊन तिथूनच जाते, वास जागच्या जागी.

अस्वलांच्या मुलखात मात्र बाहेरचा स्वयंपाक जपून. यलोस्टोनच्या फिशिंग ब्रिज पार्कात तर तंबू किंवा कापडी भिंतींचे ट्रेलर चालतच नाहीत, टणक भिंतींचीच गाडी लागते, कारण अस्वलं. तिथे आम्ही दोन्ही वेळा दहीभात आणि लोणचं खाल्लं.

वासापेक्षा मोठी कटकट वाफेची. गॅसच्या शेगडीवर प्रोपेन जळतो तेव्हा त्यातूनच पाणी तयार होतं. एक किलो प्रोपेन जळला की दीड किलोहून जास्त पाण्याची वाफ. त्यात कुकरच्या शिट्ट्या आणि दोन माणसांचे श्वास. थंडीत सकाळी खिडक्यांवरून धारा लागतात. गणपतीत मोदक उकडले तेव्हा काचांवर बोटाने "मोरया" लिहिता येत होतं, इतकं. म्हणून भात-वरण इन्स्टंट पॉटमध्ये बाहेर टेबलावर होतं, आणि आत छोटा डीह्युमिडिफायर सतत चालू. त्याचं भांडं रोज ओतायचं.

भांडी घासायची पद्धत बदलली. तेल आणि डाळीचा गाळ ग्रे टाकीत गेला की आठवड्यात नळातून असा वास येतो की ब्लॅक टाकी बरी. आता प्रत्येक ताट-कढई आधी कागदाने लख्ख पुसायची, मग पाणी. सिंकला चहाच्या गाळणीइतकी बारीक जाळी.

डबे सगळे स्टीलचे. काचेच्या बरण्या वाटून टाकल्या. प्रवासाच्या दिवशी फ्रिजमध्ये आडवे दांडे लावायचे, नाहीतर दार उघडताच दह्याचं पातेलं अंगावर येतं.

---

आकडेमोड

लेख आवडला, पण इथे उगाच रोमँटिक वातावरण व्हायला नको म्हणून लिहितो. "भाडं वाचतं" म्हणून कोणी यात उडी घेऊ नका.

महिन्याचं साइटचं भाडं आहेच, आणि महिन्याच्या भाड्यावर असलात की वीज बहुतेक ठिकाणी मीटरप्रमाणे वेगळी. ट्रकचा हप्ता, डिझेल, ट्रक-ट्रेलर दोन्हींचा विमा. विमासुद्धा साधा चालत नाही, कायम राहत असाल तर त्याची वेगळी पॉलिसी लागते. साध्या पॉलिसीवर दावा केलात तर कंपनी हात वर करायला मोकळी. वॉरंटीचं तेच. बऱ्याच उत्पादकांच्या वॉरंटीत बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की गाडी सुट्टीतल्या वापरासाठी आहे, कायमच्या वास्तव्यासाठी नाही.

आणि घर वाढतं, गाडी घटते. कोविडमध्ये २०२१ साली कारखान्यांतून ६ लाख आरव्ही बाहेर पडल्या, २०२३ मध्ये त्याच्या निम्म्याच्या आसपास. त्या लाटेत वाढीव भावाने घेतलेल्या गाड्या आता विकायला निघाल्यात आणि कर्ज गाडीच्या किमतीपेक्षा जास्त, अशी कित्येकांची स्थिती आहे. घ्यायचीच तर तीच जुनी घ्या. पण एकदम जुनी नको: काही पार्क दहा वर्षांवरची गाडी आत घेत नाहीत.

एक गोष्ट मात्र आरव्हीच्या बाजूची. झोपायची, स्वयंपाकाची आणि संडासची सोय असेल तर कर खात्याच्या लेखी ते घरच असतं, त्यामुळे कर्जाचं व्याज वजावटीत धरता येतं. अर्थात सगळ्या वजावटी तपशीलवार मांडत असाल तरच, आणि हल्ली फार कमी लोकांना ते परवडतं.

---

उंबरठा_चाकांवर

@आकडेमोड, शंभर टक्के सहमत. पैसे वाचवायला आम्ही आलोच नाही. महिना-महिना एका जागी थांबलं तर खर्च अपार्टमेंटइतकाच येतो, दर चार दिवसांनी हललं तर त्याहून जास्त. हलण्यात पैसा जातो, राहण्यात नाही.

फुकटही राहता येतं, ते सांगायला हवं. पश्चिमेकडे सरकारी भूव्यवस्थापन खात्याच्या जमिनी आहेत, तिथे बहुतेक ठिकाणी २८ दिवसांत १४ दिवस फुकट राहता येतं. ॲरिझोनातल्या क्वार्ट्झसाइटला तर १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल असा हंगामी परवाना मिळतो, तो मात्र पैसे भरून. पण तिथे साइटवर नळ नाही, वीज नाही, गटार नाही. सोलर, बॅटरी आणि अंघोळीचं रेशन. शॉवर उघडायचा, अंग ओलं करायचं, बंद. साबण. परत उघडायचा. आपल्याला बादली-तांब्याची सवय आहे म्हणून जड जात नाही. मी तर सरळ बादलीच घेते.

---

स्पॅनर_दादा

ट्रक आणि ट्रेलर हा माझा आवडता विषय, त्यामुळे लांबण लागेल.

१. वजन. ट्रेलरच्या दाराजवळ पिवळा स्टिकर असतो, त्यावर सामानाला किती पौंड उरलेत ते लिहिलेलं असतं. तो आकडा वाचून लोकांचे डोळे पांढरे होतात. ताईंच्या ५० गॅलन पाण्याचंच वजन ४१५ पौंड. त्यावर २० पौंडी कणकेची पोती, तांदूळ, वेट ग्राइंडरचा दगड. एका गुजराती कुटुंबाने अख्खं दगडी जातं घातलेलं मी स्वतः पाहिलंय. ट्रकस्टॉपवर कॅट स्केल (ट्रक तोलायचा काटा) असतो, सगळं भरून एकदा तिथे नेऊन तोला. अंदाज नको.

२. टायर. ट्रेलरचे टायर झिजायच्या आधी म्हातारे होतात. नक्षी नवीकोरी दिसते आणि आतून रबर गेलेलं असतं. बाजूवर डीओटी नंबर असतो, त्यातले शेवटचे चार आकडे बघा: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षं झाली की बदलून टाका, दिसायला कितीही चांगला असो. आणि ताशी ६५ मैलांच्या वर जाऊ नका, बरेच ट्रेलर टायर त्यापुढे बनवलेलेच नसतात.

३. छप्पर. बहुतेकांवर रबरासारखा पातळ पडदा असतो आणि पंखे-पाइप जिथे बाहेर येतात तिथे सीलंट. ऊन आणि हादऱ्यांनी त्याला भेगा जातात. दर दोन-तीन महिन्यांनी शिडी लावून वर जा, बोट फिरवा, भेग दिसली की भरा. पाणी आत शिरलं की भिंतीतलं लाकूड आतल्या आत कुजतं. बाहेरून दिसेपर्यंत गाडी गेलेली असते.

४. विजेच्या खांबाला गाडी थेट जोडू नका. मध्ये सर्ज प्रोटेक्टर, तोही व्होल्टेज कमी झालं तर तोडणारा. उन्हाळ्यात सगळ्यांचे एसी लागले की जुन्या पार्कांत व्होल्टेज पडतं आणि एसीचा कॉम्प्रेसर जळतो. नळालाही प्रेशर रेग्युलेटर.

५. प्रोपेन हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साठतो. म्हणून गॅसचा डिटेक्टर गुडघ्याखाली असतो. त्याच्यासमोर चपलांचा ढीग किंवा तांदळाची पिशवी ठेवू नका. हे प्रत्येक देशी घरात बघितलंय.

ट्रेलर डुलू नये म्हणून वजनाची विभागणी करणारा हिच (ट्रक-ट्रेलरची जोडणी) लावा. त्यावर कधीतरी वेगळा धागा काढतो.

---

रांगेत_उभा

रोमात (नुसता वाचत) होतो, आता राहवत नाही. मी एच१बी (कामाच्या व्हिसा) वर, ग्रीन कार्डच्या रांगेत. नोकरी पूर्ण रिमोट आहे. बायको म्हणते आपणही दोन वर्षं असं फिरू. जमेल का?

---

कागदी_घोडा

@रांगेत_उभा, थांबा. नोकरी रिमोट असली तरी एच१बी रिमोट नसतो. तुमच्या अर्जामागे जो एलसीए (कंपनीने कामगार खात्याकडे भरलेला अर्ज) आहे त्यात कामाचं ठिकाण लिहिलेलं असतं, आणि घरून काम करत असाल तर तुमचं घर हेच ते ठिकाण. त्या महानगर क्षेत्राच्या बाहेर कामाची जागा हलली की हलण्याआधी कंपनीने सुधारित अर्ज भरायचा, हे इमिग्रेशन खात्याच्या २०१५ च्या सिमिओ निर्णयापासून पक्कं आहे. थोड्या दिवसांच्या बाहेरच्या कामाला सवलती आहेत, पण दर महिन्याला नवं राज्य म्हणजे दर महिन्याला नवा अर्ज. कुठली कंपनी करेल? सुट्टी काढून फिरा, त्याला कुणाची ना नाही. बाकी कंपनीच्या वकिलाला विचारल्याशिवाय पाऊल उचलू नका.

ग्रीन कार्डवाल्यांनीही एक लक्षात ठेवा. पत्ता बदलला की १० दिवसांत एआर-११ हा पत्ताबदलाचा फॉर्म भरायचा, हा नियम त्यांनाही आहे. नागरिक झालात की त्यातून सुटका.

नागरिकांसाठी पत्त्याचा प्रश्न वेगळा. लायसन्स, विमा, बँक सगळ्यांना एक कायमचा पत्ता लागतो. बहुतेक फिरते लोक साउथ डकोटा, टेक्सस किंवा फ्लोरिडा निवडतात, कारण तिन्ही राज्यांत राज्याचा आयकर नाही. साउथ डकोटाला एका रात्रीच्या मुक्कामाची पावती आणि टपाल सेवेचा पत्ता यावर लायसन्स मिळतं. टेक्ससमध्ये लिव्हिंग्स्टनला एस्केपीज म्हणून १९७८ पासूनचा आरव्हीवाल्यांचा क्लब आहे, तो टपाल घेऊन तुम्ही असाल तिथे पाठवतो. पण "पत्ता साउथ डकोटाचा म्हणजे कर शून्य" असं समजू नका. चार महिने कोलोरॅडोत बसून पगार कमावलात तर कोलोरॅडो आपला वाटा मागू शकतं. आणि आरोग्य विम्याचं नेटवर्क पत्त्याच्या आसपासचं असतं, ते आधी तपासा.

---

रांगेत_उभा

धन्यवाद साहेब. बायकोला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. आता ती तुमच्यावर चिडली आहे, माझ्यावर नाही. हाही फायदाच.

---

डोंबिवली_ते_डेन्व्हर

आम्ही दीड वर्षात परत अपार्टमेंटमध्ये आलो, तेव्हा दुसरी बाजूही यावी.

आमचं पिल्लू तेव्हा रांगायला लागलं होतं. ट्रेलरमध्ये रांगायला जी जमीन असते ती म्हणजे दारापासून पलंगापर्यंतची पट्टी, आणि त्याच पट्टीवरून सगळ्यांनी जायचं. ते झोपलं की आम्ही दोघं कुजबुजत. भांडणसुद्धा कुजबुजत करायचो.

पण आम्हाला हरवलं ते थंडीने. डेन्व्हरजवळ नोकरीसाठी थांबणं भाग होतं. गाडीवर "फोर सीझन" लिहिलेलं होतं, त्याचा अर्थ विकणाऱ्याने काय लावला होता देव जाणे. ट्रेलरच्या खालून वारा जातो, म्हणून चारी बाजूंनी फोमचे पत्रे लावून बंद केलं. पाण्याची नळी विजेवर तापणारी घेतली. तरी एका रात्री सिंकखालचा पाइप गोठला, कारण कपाटाचं दार बंद होतं आणि आतली ऊब तिथे पोचत नव्हती. तेव्हापासून थंडीत सगळी कपाटं रात्री उघडी.

आणि गादी. पलंगाची फळी थंड, वर आमची ऊब, मध्ये कोंडलेली वाफ. गादी उचलली तर खाली काळी बुरशी. तान्ह्या मुलाच्या खोलीत. बायकोने त्याच दिवशी अपार्टमेंट शोधायला घेतलं आणि मी एक शब्द बोललो नाही. गादीखाली हवा खेळायला जाळीचं अस्तर मिळतं, ते पहिल्या दिवशीच घाला.

तरी सांगतो, त्या दीड वर्षाइतकी ओळखीची माणसं मला अपार्टमेंटच्या आठ वर्षांत मिळाली नाहीत. आत्ताच्या बिल्डिंगमध्ये शेजारच्याचं नाव माहीत नाही.

---

उंबरठा_चाकांवर

@डोंबिवली, थंडीचं अगदी पटलं. आमचा साधा नियम आहे, रात्रीचं तापमान गोठणबिंदूकडे निघालं की आपण दक्षिणेकडे निघायचं. ज्याला एका जागी नोकरी आहे त्याला हे शक्य नाही, तिथेच सगळं गणित फिरतं.

शेजाऱ्यांचं खरंय. अपार्टमेंटमध्ये लिफ्टमध्ये सगळे फोनकडे बघतात. इथे तुम्ही ट्रेलर मागे घ्यायला लागलात की चार आजोबा हातातला कॉफीचा कप खाली ठेवून मार्गदर्शनाला येतात, चौघांचे चार सल्ले. रीतभातही आहे. दुसऱ्याच्या साइटमधून शॉर्टकट मारायचा नाही, रात्री दहानंतर आवाज नाही, जनरेटर तर नाहीच. कपडे वाळवायला दोरी बांधणं बऱ्याच पार्कांत चालत नाही, ते मला अजून झेपलेलं नाही. रणरणत्या उन्हात ड्रायरमध्ये क्वार्टर (पंचवीस सेंटची नाणी) टाकायचे म्हणजे जिवावर येतं.

---

उंबरठ्याचा_ड्रायव्हर

बायकोच्या धाग्यावर नवऱ्याने लिहू नये असं म्हणतात, पण टाक्या सोडायचं काम कोण करतं हे तिने सोयीस्करपणे लिहिलेलं नाही. नोंद असावी.

---

सिंहगड_रोड

पुण्यातून वाचतोय. इथे असं कायम राहणं शक्य आहे का? महाराष्ट्र सरकारचं कॅराव्हॅन धोरण आलं होतं ना २०२१ मध्ये?

---

चंद्रभागा

@सिंहगड_रोड, धोरण आलं, त्याच वर्षी केरळनेही आणलं. पण ते पर्यटनासाठी आहे, कायम राहण्यासाठी नाही. गाडी मिळेल, टाकी रिकामी करायची जागा गावोगावी कुठे आहे? ती सोय होत नाही तोवर चार दिवसांच्या सहलीपुरतं ठीक.

बाकी चाकांवरचा संसार आपल्याकडे नवा नाही हो. माझं माहेर पंढरपूरचं. वारीत दिंडीचा ट्रक आळंदीहून निघतो, त्यात शे-दीडशे माणसांचा शिधा, गॅसच्या शेगड्या, राहुट्या, मागे पाण्याचा टँकर. रोज नवा तळ, रोज पहाटे सगळं आवरून ट्रकमध्ये, तेही माणसं चालत पोचायच्या आत जेवण तयार ठेवून. ताईंनी लिहिलेलं प्रवासाच्या दिवसाचं वाचताना आमच्या दिंडीतले आचारी डोळ्यासमोर आले. कुठलं पातेलं कुठल्या कोपऱ्यात जाणार हे ठरलेलं, आणि त्यात कुणी लुडबुड केली की शिव्या.

---

उंबरठा_चाकांवर

@चंद्रभागा, अगदी! प्रवासाच्या सकाळी मीही तशीच शिव्या घालते. स्लाइड (बाहेर सरकणारी भिंत) आत, अँटेना खाली, कपाटांच्या कड्या, देवांना खालच्या कप्प्यात टॉवेलमध्ये गुंडाळून. मग बाहेरून एक चक्कर, नळी, वायर, पायऱ्या. मग दुसऱ्याने तीच चक्कर पुन्हा मारायची. त्या अर्ध्या तासात कोणी बोलायचं नाही, शेजारच्यांनीही नाही.

---

पोळपाट_एडिसनचं

ताई, शेवटचा प्रश्न. आई-बाबा उन्हाळ्यात येतात, तीन-चार महिने राहतात. त्यांचं काय करता?

---

उंबरठा_चाकांवर

माझे सासू-सासरे येऊन गेले, त्यावरून सांगते. रात्री ट्रेलरमध्ये चौघं नको. जेवणाच्या टेबलाचा पलंग होतो, पण सत्तरीच्या माणसाला त्यावरून रात्री दोनदा उठून बाथरूमला जायचं असतं. बऱ्याच पार्कांत केबिन भाड्याने मिळतात. शेजारची घेतली, दिवसभर सगळे एकत्र. पायऱ्या उंच असतात, त्याला धरायला दांडा आणि खाली एक जास्तीची पायरी ठेवली. डोंगरात एकदम उंच नेलं नाही. लेडव्हिल दहा हजार फुटांच्या वर आहे, तिथे धाप लागते आणि पाणी साधारण ९० अंशांनाच उकळतं, त्यामुळे सासूबाईंचा चहाही मनासारखा होत नव्हता, त्यावरून दोन दिवस चर्चा.

सासरे मात्र रमले. पहिल्याच दिवशी शेजारच्या आजोबांबरोबर गटाराच्या जोडणीवर चर्चा करत उभे. एकाला मराठी-हिंदी येत नाही, दुसऱ्याला ओहायोचं इंग्रजी कळत नाही. तासभर चालली.

मोजायला जाऊ नका, महिनाभर पुष्कळ झालं. बाकीचे दिवस ते नणंदेकडे डॅलसला होते.

---

स्पॅनर_दादा

@पोळपाट, न्यू जर्सीतल्या एडिसनहून सुरुवात करणार असाल तर आणखी एक. न्यू यॉर्कच्या पार्कवेंवर (फक्त छोट्या गाड्यांच्या रस्त्यांवर) ट्रेलर न्यायला बंदी आहे, पूल बुटके आहेत. आणि दक्षिणेला जाताना बाल्टिमोरच्या दोन्ही बोगद्यांत प्रोपेनच्या टाक्या घेऊन जाता येत नाही. पूर्वी लोक ६९५ महामार्गाने 'फ्रान्सिस स्कॉट की' पुलावरून जायचे, तो २६ मार्च २०२४ ला जहाज आदळून पडला. आता ६९५ नेच, पण पश्चिमेकडून वळसा. साधा फोनवरचा नकाशा यातलं काही सांगत नाही. गाडीची उंची आणि प्रोपेन भरता येईल असा आरव्हीचा जीपीएस घ्या आणि उंची स्वतः टेप लावून मोजा, छतावरच्या एसीसकट.

---

पोळपाट_एडिसनचं

लिहून घेतलं. नवरा टेप शोधतोय, गाडी अजून घेतलेली नाही.